पोलेंटा उरला, काकू पेटल्या!

किचनमधल्या गोष्टींचं असं असतं बघा, भांडी घासून पालथी घातली तरी त्या उरतातच! मंचरजवळच्या आमच्या कृषी पर्यटन केंद्रात मी ऑर्डरी घेते. माझ्याकडं किस्स्यांचा ढीग साचलाय, आणि त्यातला निम्मा एकट्या पोलेंट्याचा!

*

सुरुवात फोनवर झाली. पुण्याच्या एक मॅडम वीस जणांचा ग्रुप घेऊन येणार होत्या. म्हणाल्या, "नाश्त्याला पोलेंटा जमेल?" रेंज अशी भारी, की मला ऐकू आलं 'पोळी-अंडा'!

"न जमायला काय झालं, मॅडम!"

सुमनकाकू म्हणजे आमच्या किचनच्या सर्वेसर्वा, माहेर लोणीचं. त्यांनी सकाळी गरमागरम पोळ्या आणि वीस ऑम्लेटं पाठवली. मॅडम ताटाकडं बघतच राहिल्या. अख्खा ग्रुप शाकाहारी!

*

मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवला. काकूंनी चष्मा वर केला. "अगं बया! ह्यो तर मक्याचा घाटा! आमची आजी करायची की. त्याला एवढं फ्याशनेबल नाव कशाला?"

दुसऱ्या दिवशी मक्याचा रवा आणला. तो शिजल्यावर किती फुगतो, हे कुणाला ठाऊक! काकूंनी तांदळाच्या अंदाजानं घातला. एक पातेलं भरलं, दुसरं भरलं, मग परात काढावी लागली. ग्रुपनं पोटभर खाल्लं, फोटो काढले, तरी परातभर उरला.

आमचे मालक अण्णा तापले. "काकू, पुन्यांदा असं वाया गेलं तर पुण्याहून शेफ आणीन!"

काकूंचा चेहराच पडला. केंद्र सुरू झाल्यापासून ते किचन त्यांनीच चालवलंय. मला हळूच म्हणाल्या, "शेफ आला तर मला कोण इचारतंय, बाई?" मला लई वाईट वाटलं. फोन मीच घेतला होता ना!

*

दुपारपर्यंत परातीतला घाटा घट्ट झाला. काकूंनी सुरी फिरवली, तर चौकोनी वड्या पडल्या! तव्यावर तेल, लसूण, मिरची, वरून तीळ. खमंग वास सुटला तसे अण्णा आत आले. एक वडी उचलली, मग दुसरी, मग बशीच ओढली.

"कशाच्या वड्या, काकू?"

"वाया गेलेल्या!"

*

मग काय, पोलेंटा उरला की काकूंना चेवच यायचा. कधी कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ, कधी ताकात कालवून वरून लसणाची फोडणी, कधी दूध-गूळ घालून खीर.

एका पाहुण्यानं थालीपीठ खाता खाता विचारलं, "काकू, हे इटालियन आहे का?"

"व्हय की! पन आमची इटली आहुपे घाटाच्या अलीकडंच हाय!"

पुढं पुढं तर लोक ऑर्डर देतानाच विचारायला लागले, "ताजा राहू द्या हो, उरलेला आहे का?"

*

पण अण्णांनी शेफला आधीच शब्द देऊन ठेवला होता. तो एक दिवसाच्या ट्रायलला आला. पांढराशुभ्र कोट, बोलायला गोड. त्यानं पोलेंटाच केला, बटर घालून, वर मशरूम. चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू! पण पाहुण्यांना जड गेला आणि निम्मं पातेलं उरलं. शेफ ते घेऊन डस्टबिनकडं निघाला.

काकू आडव्या आल्या. "थांबा भाऊ! अन्न हाय त्ये!"

पातेलं पुन्हा गॅसवर चढलं. गरम पाण्याचा हबका, मूठ-मूठ बेसन, आणि काकूंचा हात गरागरा. ओल्या फडक्यावर गोळा थापला, तीळ-खोबऱ्याचं सारण पसरलं आणि गुंडाळी केली. मासवडी! पहिली गुंडाळी मधोमध फुटली. काकूंच्या कपाळाला घाम आला. दाराशी अण्णा हाताची घडी घालून उभे. काकूंनी अजून दोन मुठी बेसन घातलं, पुन्हा घाटलं. दुसरी अशी सुरेख वळली, की मी टाळ्याच वाजवल्या!

झणझणीत रश्शाबरोबर शेफपुढं ताट ठेवलं. त्यानं एक मासवडी खाल्ली. चार संपवल्या, रस्सा वाटीनं प्याला, नाक पुसलं.

अण्णांनी विचारलं, "मग शेफ, कधीपासून जॉइन होताय?"

"काकूंच्या हाताखाली जागा असेल, तर उद्यापासून!"

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कांदा चिरता येतो का?"