सेमीसीचा पेन टॅबलेट आणि मेलेनाइते आत्या

बेटावरच्या नुकुआलोफा शहरात बाजारामागे सेमीसीचं फोटोचं दुकान आहे. वाढदिवस असो की मयत, माणसाचा फोटो दाराएवढा छापून कुंपणावर टांगल्याशिवाय इथे कुणाचं समाधान होत नाही, त्यामुळे कामाला तोटा नाही. दुखणं होतं ते मनगटाचं. बायका कमरेला किएकिए बांधतात, तिच्या लोंबणाऱ्या दोऱ्या फोटोत एकेक करून माऊसनं मागच्या भिंतीपासून सोडवायच्या म्हणजे हाताचा भुगा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हात असाच चालवलास तर वर्षात धंदा सुटेल. दुसरा धंदा त्याला येत नव्हता.

तरी माऊसऐवजी पेन टॅबलेट घ्यावा की नाही, यावर सेमीसी आठ महिने नुसता विचार करत होता. पेन दाबलं की रेघ जाड, सैल सोडलं की बारीक, हे सगळं पाठ. पण हात खाली टॅबलेटवर आणि नजर वर स्क्रीनवर, हे जमणार का? लहान घेतला तर हात आखडणार, मोठा घेतला तर चहाचा कप कुठे ठेवायचा? ही सगळी बायकोला सांगायची कारणं. खरं कारण मेलेनाइते आत्या. इथल्या रीतीनं बापाच्या बहिणीचं एखाद्या वस्तूवर मन बसलं की ती वस्तू तिची, भावाच्या पोरांनी तोंडातून ब्र काढायचा नसतो. आत्यानं आजवर त्याचा पंखा, दोन डुकरं आणि लग्नातली चांगली चटई नेली होती. सेमीसी गोड हसून निरोप द्यायचा आणि आत गेल्यावर उशीला बुक्के मारायचा.

अशात चुलतभाऊ मानासे ऑकलंडहून एक टॅबलेट विकायला घेऊन आला, तोही आत्या आपल्या साठीच्या फोटोसाठी दुकानात ठाण मांडून बसलेली असताना. सेमीसीनं डोळे वटारले, खोकला काढला. मानासेला कशाचा पत्ता नाही. दहा वर्षं बाहेर राहून त्याची अक्कल बहुतेक विमानतळावरच राहिली होती. त्यानं टॅबलेट जोडला आणि आत्याच्याच फोटोवर पेन फिरवून दाखवलं. किएकिएची दोरी न् दोरी मोकळी झाली. मग शहाण्यानं आत्याची दुसरी हनुवटीही पुसली.

"ती परत लाव," आत्या म्हणाली. "एकच ठेवलीस तर गावाला वाटेल, माझे भाऊ मला उपाशी ठेवतात."

सेमीसीनं पेन हातात घेतलं. आधी फोटोतल्या आत्याची भुवई कपाळावर गेली, पण दहा मिनिटांत हात बसला आणि मनगट अजिबात ठणकलं नाही. त्याला तो टॅबलेट फार हवासा वाटला. म्हणूनच तो पेन खाली ठेवून म्हणाला, आपल्याला नको, माऊसच बरा.

"मग मला हवा," आत्या म्हणाली.

मानासे हसत म्हणाला, हा विकायचा आहे. आत्यानं त्याला शांतपणे विचारलं, तू माझ्या धाकट्या भावाचाच मुलगा ना? तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. किंमत ओठावर आली होती, ती त्यानं गिळली.

आत्यानं टॅबलेट टोपलीत टाकला. सेमीसीला खरंच रडू यायला लागलं. तेवढ्यात तिनं त्याचं मनगट धरून अंगठ्यानं दाबलं. तो कळवळला.

"माऊस बरा म्हणे," ती म्हणाली. "खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुला." तिनं टॅबलेट टोपलीतून काढून टेबलावर ठेवला. "हा माझा आहे. माझ्या घरी टेबल नाही, म्हणून इथे राहील. कुणी मागायला आलं तर सांग, आत्याचा आहे."

आत्याच्या वस्तूला हात लावायची साऱ्या भाऊबंदांत कुणाची छाती नव्हती. हे आठ महिन्यांत आपल्या का लक्षात आलं नाही, या विचारानं सेमीसी ओशाळला. त्याचे डोळे भरून आले. आत्यानं तिकडे पाहिलंच नाही. ती मानासेकडे वळली.

"पेनाची बदलायला जादा टोकं असतील ना तुझ्या पिशवीत? तीही ठेव."