तराजूवाला पैसा

निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवाळीआधी गळका तांब्याचा बंब मोडीत घालायला निघाले. सोबत शिरोळहून आलेली धाकटी नणंद. स्कूटर मी चालवत होते, बंब तिच्या मांडीवर. खड्डा आला की तो ढणकन वाजायचा आणि आम्ही दोघी खिदळायचो.

मोडवाला बंबाचं वजन करत होता. शेजारी भट्टीत घालायच्या तुकड्यांचं घमेलं होतं. त्यात एक काळपट चकती दिसली. उचलून पदरानं पुसली, तर तिच्यावर तराजू! मी किंचाळलेच.

"काय ओ ताई, इंचू चावला काय?" मोडवाला दचकून उठला.

शाळेत मी इतिहास शिकवायची. मुंबईच्या वखारीत इंग्रजांच्या कंपनीला सुट्ट्या नाण्यांची कायम चणचण. तांबं मिळेना तेव्हा कथलाची नाणी पाडली. पुढं विलायतेत यंत्रावर पाडलेले तांब्याचे पैसे जहाजानं आले, एका अंगाला कंपनीची खूण, दुसऱ्या अंगाला तराजू. हे सगळं वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. हातात मात्र आज पहिल्यांदा आलं.

"हे मला द्या की," मी म्हणाले.

"न्या. उद्या वितळणारच हुतं ते."

बाहेर येऊन मी नणंदेचे दोन्ही हात धरून भर रस्त्यात गिरकी घेतली.

"वैनी, लोकं बघाय लागल्यात!"

"बघू देत!"

तिला तो पैसा चिंचेनं लख्ख घासायचा होता. "खबरदार!" मी ओरडले. तराजूच्या दोन पारड्यांमध्ये फारसी अक्षरं होती. ती वाचून घ्यायला ओळखीच्या अत्तरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पैसा डोळ्यांशी धरला.

"अदल. म्हंजे इन्साफ, न्याय."

"आले व्यापाराला आणि पैशावर न्याय लिवला? लईच की!" नणंद म्हणाली.

चाचा इतके हसले की कोपर लागून मोगऱ्याची बाटली माझ्या साडीवर उपडी झाली.

घरी नवऱ्यानं दारातच नाक वर केलं. "बंब मोडायला गेलतीसा का लग्नाला?"

नणंद शिरोळला परत गेली. चार दिवसांनी तिचा फोन आला. मागं भांड्यांचा खणखणाट.

"वैनी, भांड्याच्या दुकानात हाय. तराजूवाला पैसा गावतोय काय बघाय मोडीची घमेलीच्या घमेली उपसल्यात मी. मालक वैतागलाय. तुमी लगेच निघा की!"

मी चपला घालूनच फोन ठेवला.