चाकावर हाताची पाठ

गाडी थांबली की शेजारचे काका उतरायचे, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसायचे आणि त्याला हाताची पाठ लावायचे. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग म्हणायचे, "गरम हाय. थंड होऊ दे." बादली भरून तयार असली तरी चाक निवेपर्यंत पाण्याचा थेंब पडत नसे.

सडक अर्जुनीत त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. सारी हयात त्यांनी राईस मिलचा ट्रक चालवला. त्याची चाकं धुतली असतील तर पावसानंच. ते घरी बसले तेव्हा नागपूरच्या मुलानं नवी गाडी घेतली आणि जुनी बापाच्या दारात आणून उभी केली. गाडी साधीच, पण चाकं अलॉयची, चकचकीत. म्हाताऱ्याचा जीव त्या चाकांवर जडला. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेलच.

हायवेवरच्या एका वॉशिंगवाल्यानं तापल्या चाकावर तेजाब मारून पांढरे डाग पाडले. तेव्हापासून त्यांनी ते काम दुसऱ्याला करू दिलं नाही. चाकांची बादली वेगळी, फडकं वेगळं. पातळ शॅम्पू, मऊ ब्रश, आणि शेवटी बोटाला फडकं गुंडाळून फटीफटीतलं पाणी टिपायचं. ब्रेकची काळी भुकटी तिथंच बसते म्हणे.

काकू ओट्यावर तांदूळ निवडत असायच्या. "काऊन जी, माह्या पायाले कधी तेल नाही लावलं, अन् चाकायले मालिश करून राह्यले?"

"तू कुठं चाकायवानी रायपूरले पळून राह्यली?"

भिंतीअलीकडे मी हसायचो.

काकूंना साखरेचा आजार. एका हिवाळ्यात शेकोटीपाशी बसल्याबसल्या पाय भाजला आणि त्यांना कळलंही नाही. पायाची जाणीवच गेली होती. जखम चिघळली. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, पाऊल वाचणं आता निगेवर आहे. कोमट पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. पाणी किती गरम ते यांना कळणार नाही, तुम्ही पाहत जा.

मग बादली ओट्यावर आली. ती चाकांची नव्हे, नवी आणलेली, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. काकू पाय पुढं करायच्या, हे पाण्याला हाताची पाठ लावायचे. "गरम हाय. थंड होऊ दे." नंतर बोटाला फडकं गुंडाळून बेचकी न बेचकी टिपायचे.

"लोक पाहून राह्यले जी," काकू लाजून म्हणायच्या.

"पाहू दे."

पाहणारा मीच होतो. मग मी आत जायचो.

ड्रेसिंगसाठी गोंदियाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि चाकं काळी पडली. मी एकदा म्हटलं, "काका, चाकांकडे पाहा जरा."

"चाकायले काय दुखते?" म्हणाले.

करंगळी गेली. पाऊल वाचलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते दुपारच्या झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. मुलाला गाडी नागपूरला न्यायची होती. बाजारातून फिरवून आणलेली गाडी धुवायला म्हणून त्यानं नळी उचलली. काकू ओट्यावरून उतरल्या, आपल्या पायांनी चालत आल्या, वाकल्या आणि चाकाला हाताची पाठ लावली.

"थांब बाबू," त्या म्हणाल्या. "गरम हाय."

मुलगा नळी बंद करून उभा राहिला. भिंतीअलीकडे मीही.