बिननंबरी ड्रोन

धम्मपाल शेजवळला उंचीची भीती नाही. तो लिफ्टचा मेकॅनिक आहे. डोंबिवलीतल्या चौदा-चौदा मजल्यांच्या शाफ्टमध्ये, केबिनच्या टपावर उभं राहून तो काम करतो, आणि त्याचा हात थरथरलेला मी कधी पाहिला नाही. आम्ही एकाच कंपनीत सोळा वर्षं आहोत. त्याला भीती आहे ती कागदाची. कुणी नाव-पत्ता लिहून घ्यायला लागलं की तो दोन पावलं मागे सरकतो. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत सही करायची असली तरी तो मला पुढे करतो.

यामागे त्याचे वडील आहेत. देवराम शेजवळ आंबिवलीला एका कारखान्यात होते. तरुणपणी एकदा कल्याणला मोर्च्याला गेले, तिथे पोलिसांनी पंधरा-वीस जणांची नावं लिहून घेतली आणि संध्याकाळी सगळ्यांना सोडून दिलं. गुन्हा नाही, खटला नाही. पण नाव वहीत राहिलं. मग कुठे बंद असो, कुणी मंत्री येणार असो, चौदा एप्रिल जवळ आलेला असो, शिपाई दारात हजर. ‘देवराम, चल जरा, साहेबांनी बोलावलंय.’ दिवसभर बाकावर बसवून ठेवायचे. मारलं कधी नाही, चहासुद्धा द्यायचे. असं तेवीस वर्षं चाललं. ते वारल्यावर पंधराव्या दिवशी शिपाई पुन्हा आला. आईने भिंतीवरचा फोटो दाखवला, तेव्हा त्याने वहीत कसलीशी खूण केली आणि निघून गेला. धम्मपाल तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

ड्रोनचा नाद त्याला लागला तो पाच वर्षांपूर्वी. एका इमारतीच्या गच्चीवर लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी टाकून दिलेला मोडका ड्रोन पडला होता. तो त्याने वॉचमनला विचारून घरी आणला. दोन मोटरी चालू होत्या, दोन त्याने मागवल्या, सांगाडा स्वतः कापून बसवला. तीन महिन्यांनी ते यंत्र आंबिवलीच्या नदीकाठी हातभर उडालं आणि झुडपात पडलं. मग त्याने दुसरं केलं, मग तिसरं. चौथं नीट उडालं. किराणावाल्याच्या काट्यावर त्याचं वजन सहाशे दहा ग्रॅम भरलं. बायको रचना म्हणाली, एवढं मन लावून तुम्ही घरातला नळसुद्धा कधी दुरुस्त केला नाही.

रविवारी सकाळी कोपरला खाडीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत चार-पाच हौशी माणसं जमत. तिथे त्याची ओळख त्र्यंबक खांबेट्यांशी झाली. खांबेटे काका सदुसष्ट वर्षांचे, निवृत्त ड्राफ्ट्समन, बायको गेलेली, मुलगी क्षिप्रा पुण्यात. त्यांचा ड्रोन दुकानातून घेतलेला होता आणि त्यावर सरकारी नोंदणीचा नंबर छापून चिकटवलेला होता. नोंदणी हा तिथल्या गप्पांचा नेहमीचा विषय. विनीत नावाचा एक आयटीवाला म्हणायचा, नियम पाळणारे आपण पाच जण, ज्याला वाईट काम करायचंय तो कशाला फॉर्म भरत बसेल. काकांना ते पटत नसे. स्कूटरला नंबर असतो, त्याने आपलं काय बिघडतं, उलट कुणी आळ घेतला तर दाखवायला काहीतरी असतं, असं त्यांचं म्हणणं. धम्मपाल या बोलण्यात कधी पडला नाही.

एकदा मात्र त्याने घरी बसून तो फॉर्म उघडला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढे ड्रोन बनवणारी कंपनी, तिचं प्रमाणपत्र, यंत्राचा क्रमांक. बनवणारा तर तोच होता. कुणाला तरी विचारता आलं असतं. काकांनी आनंदाने मदत केली असती. पण पडद्यावर आपलं नाव आणि चाळीचा पत्ता बघून त्याला शिपायाची वही आठवली. त्याने फोन बंद केला आणि तो दिवसभर उपडा ठेवून दिला.

मग गेल्या वर्षी अफवा सुरू झाली. चोर ड्रोन उडवून बंद घरं हेरतात, असे मेसेज चाळीच्या ग्रुपवर फिरायला लागले. कुठे कुणाला पकडलं, कुठे कुणाला झोडपलं, खरंखोटं कुणालाच माहीत नाही. संध्याकाळ झाली की आंबिवलीत माणसं गल्लीत उभी राहून वर बघायची आणि लुकलुकणारा दिवा दिसला की ओरडायची. ते दिवे मुंबईला उतरणाऱ्या विमानांचे होते. धम्मपालला ते दिसताक्षणी कळायचं, पण तो बोलायचा नाही. तुला कसं माहीत, असं कुणी विचारलं असतं तर? त्याने आपलं यंत्र चादरीत गुंडाळून माळ्यावर, पिंपामागे सरकवून ठेवलं. शेजारी कुणी मोठ्याने हाक मारली तरी त्याची नजर आधी माळ्याकडे जायची.

दीड महिना तो कोपरला गेला नाही. काकांचा फोन आला, की वारा पडलाय, उडवायला मनाई नाही, मी ड्रोनच्या सरकारी नकाशावर पाहिलंय, या तुम्ही. काकांना नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्या रविवारी तो कंपनीच्या हत्यारांच्या पिशवीत आपला ड्रोन घालून गेला. अफवांमुळे बाकी कुणी आलं नव्हतं. पण ड्रोन बाहेर काढायचं त्याला धाडस होईना. काका म्हणाले, राहू द्या, आज माझाच बघा.

आठच्या सुमाराला काकांचा ड्रोन खारफुटीवर बगळ्यांच्या थव्याच्या बराच वरून फिरत होता. आधी दोन मोटरसायकली आल्या, मग पलीकडच्या वस्तीतून माणसं चालत आली. बघता बघता चाळीस-पन्नास जण जमले. कुणाच्या घरावर फिरवतोस, असं एकाने काकांना विचारलं. काकांनी शांतपणे सांगितलं, की घरं त्या बाजूला आहेत, मी या बाजूला उडवतोय. दुसऱ्याने त्यांच्या हातातला रिमोट हिसकावला. थोड्या वेळाने बॅटरी संपत आल्यावर ड्रोन आपोआप परत येऊन गर्दीच्या मधोमध उतरायला लागला, तशी माणसं मागे पळाली आणि कुणीतरी काठी घातली. पंखा तुटून उडाला. काकांनी मोबाइलवर नोंदणीचा कागद काढून दाखवला. त्यांचा आवाज चिरकत होता. रिमोट घेतलेला माणूस म्हणाला, कागद काय, कोणपण बनवतो.

मग त्याचं लक्ष धम्मपालकडे गेलं. “आणि हा कोण? पिशवीत काय रे तुझ्या?”

धम्मपालने मला नंतर सांगितलं, की त्या क्षणी त्याला कानात नुसता घूं आवाज ऐकू येत होता. पिशवीवर कंपनीचं नाव होतं. तो म्हणाला, “मी लिफ्टवाला. कामाला चाललेलो. गर्दी बघून थांबलो.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. तोंडावर काही नाही, राग नाही, आश्चर्य नाही. मग ते त्या माणसाला म्हणाले, “यांचा काही संबंध नाही. मी यांना ओळखत नाही.”

लोकांनी त्याला वाट दिली. तो चालत निघाला, पळायचं नाही असं स्वतःला बजावत. वळणावर त्याने मागे पाहिलं तेव्हा पोलीस आले होते आणि काकांना रिक्षात बसवत होते. कुणी त्यांच्या दंडाला धरलं होतं. त्यांची एक चप्पल मागे राहिली होती.

दुपारी मुलीने, दीप्तीने, त्याला मोबाइल आणून दाखवला. काकांचा चेहरा, आजूबाजूला ओरडणारी माणसं, वर लिहिलेलं, ‘कोपरला ड्रोनचोर सापडला.’ व्हिडिओच्या एका टोकाला अर्ध्या सेकंदासाठी धम्मपालची पिशवी दिसत होती. दीप्तीला ती ओळखू आली नाही. त्याने तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. मग रचनाला आत बोलावून सगळं सांगितलं.

रचनाने त्याला बोल लावला नाही. तिने एवढंच विचारलं, “त्यांना आणायला कोणी गेलं का?”

तो जेवला नाही. काकांचा फोन बंद. संध्याकाळी लागला तेव्हा कळलं, की चौकीत तीन तास बसवून ठेवलं, मग साहेबांनी कॉम्प्युटरवर नंबर तपासला, नाव-पत्ता जुळला आणि घरी सोडलं. नंबर उपयोगी पडला, पण तीन तासांनी. तोवर व्हिडिओ काकांच्या सोसायटीत पोचला होता. सेक्रेटरींनी लेखी खुलासा मागितला होता आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना बघून दार लावून घेतलं होतं. काका हे सगळं दुसऱ्याच कुणाबद्दल सांगितल्यासारखं सांगत होते. धम्मपालने माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, तुम्हाला बायको-मुलगी आहे, आणि फोन ठेवला.

सोमवारी त्याने मला त्याच्या नावाने अर्ध्या दिवसाची रजा टाकायला सांगितली आणि पिशवी घेऊन चौकीवर गेला. समोरच्या टपरीवर तासभर उभा राहिला. तीन चहा झाले. दोनदा तो स्टेशनच्या दिशेने चालायला लागला आणि दोनदा परत आला. आत जाताना पायरी चढायला त्याने भिंतीला हात लावला.

आत फौजदार जेवण उरकून हात पुसत होते.

“साहेब, काल कोपरला मी होतो. त्या काकांबरोबर होतो. मी खोटं बोललो.”

“मग? तक्रार द्यायचीय?”

“नाही. माझ्याकडेपण ड्रोन आहे. मी बनवलेला. नंबर नाही त्याला.”

फौजदारांनी पहिल्यांदा नीट वर पाहिलं. यंत्र टेबलावर ठेवायला लावलं, दोन शिपायांना बोलावलं, कॅमेरा कुठे आहे, कुणाचं काही काढलंय का, पैसे कुणी दिले, बाहेरगावी कुणाशी बोलतोस, असं तासभर विचारत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे धम्मपालला जास्तच भीती वाटली. मग जबाब लिहायला घेतला. नाव. वय. पत्ता. वडिलांचं नाव. तिथे तो थांबला, आणि शिपायाला वाटलं, हा नाव विसरला. त्याने ‘देवराम’ सांगितलं तेव्हा आवाज इतका खाली गेला होता, की पुन्हा सांगावं लागलं.

आपण खांबेटे काकांना चार वर्षं ओळखतो, ते फक्त खाडीवर उडवतात, त्यांच्या ड्रोनवर नंबर आहे, त्यांनी कुणाच्या घरात डोकावलेलं आपण पाहिलेलं नाही, हे त्याने जबाबात घालायला लावलं. त्याची प्रत मागून घेतली. फौजदार म्हणाले, कसला हट्ट हा, पण दिली. ड्रोन त्यांनी ठेवून घेतला. शिपायाने त्याला दोरीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला आणि त्यावर पेनाने मुद्देमालाचा क्रमांक घातला. धम्मपाल बाहेर आला आणि टपरीमागे जाऊन ओकला.

ती प्रत घेऊन तो त्याच संध्याकाळी काकांच्या सोसायटीत गेला. सेक्रेटरींनी ती दोनदा वाचली आणि खुलाशाची गरज नाही म्हणाले. ग्रुपवर त्यांनी तसं लिहिलं. सगळ्यांनी वाचलं असेल असं नाही. काकांनी दार उघडलं, त्याला आत घेतलं, आणि बराच वेळ दोघं क्षिप्राच्या नोकरीबद्दल बोलत बसले. निघताना काकांनी त्याचा हात धरला आणि तो लगेच सोडला नाही.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. ड्रोन अजून चौकीत आहे. सोडवून घ्यायला अर्ज करता येतो म्हणतात, धम्मपालने केलेला नाही. चौकीतून दोनदा फोन आला. एकदा आधार कार्डाची झेरॉक्स आणून दे म्हणून, आणि एकदा, कुठल्याशा बंदोबस्ताच्या आदल्या दिवशी, नुसतं विचारायला, की सध्या कुठे आहेस. त्या दिवशी आम्ही बाराव्या मजल्यावर शाफ्टमध्ये होतो. फोन ठेवल्यावर त्याने मला म्हटलं, जरा धर मला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

काकांनी ड्रोन दुरुस्त करून घेतला. महिन्याभराने ते पुन्हा कोपरला जायला लागले, सकाळी सातला, नंबरचा कागद प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवून. मागच्या रविवारी मीही गेलो होतो. काका मान वर करून रिमोट चालवत होते. धम्मपाल त्यांच्यापासून चार पावलांवर, रिकाम्या हातांनी, पाठ फिरवून उभा होता. वर काय चाललंय ते त्याने एकदाही पाहिलं नाही. तो रस्त्याकडे बघत होता.