नानाच्या छातीतली गुडगुड

सुरतच्या दवाखान्यात सर्जन बाहेर आले, माझा मोठा भाऊ नाना गेल्याचं त्यांनी सांगितलं, आणि थोडं थांबून विचारलं, "यांच्या पोटाला पूर्वी जोराचा मार लागला होता का?"

लागला होता. कोरीटच्या शेतात ट्रॅक्टर उलटला, स्टिअरिंग पोटावर आदळलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी एक्स-रेत काही दिसत नसतानाही बजावलं होतं, "आत पडदा फाटला असेल तर तो लगेच दिसतोच असं नाही. महिन्याने या, सीटी स्कॅन करू." मी वेळ घेतली, कॅलेंडरवर गोल केला, गाडी सांगून ठेवली. नाना म्हसावदला लग्नाला निघून गेला! पुढच्या वेळी कापूस वेचणी निघाली. कपाळावर हात मारून मी तिसरी वेळ घेतली...

घरी मात्र वेगळाच खेळ चालायचा. जेवण झालं की नाना ओसरीवरच्या खाटेवर दोन गोधड्यांना टेकून बसायचा. आडवं झालं की दम लागायचा ना! मग हाका सुरू. "शैले, आयक! मन्ही छातीमा पोट बोली ऱ्हायनं!" पाहुणे छातीला कान लावायचे, आतली गुडगुड ऐकून पोट धरून हसायचे. मी ओरडायचे, "अरे, हे डॉक्टरांना दाखव!"

तिसऱ्या वेळी मी त्याला ओढतच नेलं. दारातच म्हणाला, "मले सदरा काढना शे. तू बाहेर बस." बाहेर आला तो हसतच.

"गुडगुडीचं सांगितलंस?"

"सांगी दिधं ना. काही नही शे म्हने."

हेच मी सुरतच्या सर्जनना सांगितलं. ते म्हणाले, छाती आणि पोटामधला पडदा तेव्हाच फाटला असणार. जठर हळूहळू छातीत सरकलं आणि आता तिथेच पिळलं. ती गुडगुड हीच मोठी खूण होती. कुणा डॉक्टरने ऐकली असती तर पडदा वेळेत शिवता आला असता.

"त्यासनी सांगंच नही," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाली. "डॉक्टर हसतीन म्हने. सीटीनी चिठ्ठीबी तठेच ठी उनात." म्हणजे स्कॅन झालाच नव्हता.

अख्ख्या गावाला ऐकवलं, आणि ज्याला ऐकवायचं त्याच्यापुढे लाजला! काय म्हणावं या माणसाला?

खाट अजून ओसरीवरच आहे. गोधड्यांची ती चळत वहिनी मला उचलू देत नाही. परवा जेवणं आटोपली आणि आमचं सगळ्यांचं बोलणं एकदम थांबलं... सवयीने कान तिकडे गेले होते.