सात सारखी घरं

आमच्या आळीतले किस्से सांगायला बसले की ऐकणारा हमखास हात वर करतो, "थांबा थांबा, नक्की कुठलं घर?" आता काय सांगू, कपाळ! भिवंडीतली ही सात घरं शंभर वर्षांपूर्वी एकाच मिस्त्रीने बांधली. तीच ओटी, तेच सागवानी जिने, त्याच रंगीत फरश्या. इथे जन्मलेल्या माझ्यासारख्या बाईचाही गोंधळ उडतो, मग किस्से साठणारच की!

*

घरांचे नंबर आजवर दोनदा बदलले. जुनी पाटी मात्र एकानेही काढली नाही. मध्यंतरी कुरियरवाल्याचा फोन आला, "मॅडम, चार नंबर के सामने खड़ा हूँ."

मी विचारलं, "कौनसे चार?"

"कितने चार हैं?"

"तीन!"

तो बिचारा एका ओट्यावर पार्सल ठेवून पळाला. कुणाच्या, ते अजून शोधतोय.

*

माझ्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. ते शिरले थेट कोपऱ्याच्या घरात, हनीफचाचांकडे! आणि चाचांच्या जुलेखाचाचीचा नियम एकच: आलेल्याला आधी खाऊ घालायचं, मग कोण-कुठले विचारायचं. पाहुण्यांनी सांदणं खाल्ली, वर मागून घेतली. इकडे आमचे पोहे थंड होतायत!

शेवटी मुलाच्या आईने हात पुसत विचारलं, "मुलीला बोलावताय ना?"

चाची म्हणाली, "मुलगी? मला तर तीन मुलगे हायेत!"

लग्न जमलं. जावईबापू अजूनही आधी चाचीकडे जाऊन खातात.

*

आता खरी गंमत ऐका. हे कोपऱ्याचं घर मुळात आळीतल्याच लेले सरांचं, आणि समोरचं, ज्यात सर राहायचे, ते हनीफचाचांचं!

झालं असं, सर मॅट्रिकला होते तेव्हा कोपऱ्याच्या घराला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना निघाला. दिवसभर खडखड! अभ्यास बोंबलला. समोर राहणारे चाचांचे वडील स्वतः लूमवाले. ते सरांच्या वडिलांना म्हणाले, "मला तर त्या आवाजाशिवाय झोपच येत न्हाय. तुम्ही माझ्या घरी जा, मी तुमच्या!"

एका सकाळी भांडी-गाद्या रस्ता ओलांडून गेल्या. कागद करायचं कुणाला सुचलंच नाही. जबान दिली, झालं!

*

गेल्या वर्षी बिल्डरचा माणूस सरांकडे उगवला. "कोपऱ्याचं घर कागदावर तुमचंच आहे. सही करा, दोन फ्लॅट घ्या."

सरांनी त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं. पण बातमी फुटलीच. हनीफचाचा ओट्यावर बसेनासे झाले. चाची माझा हात धरून म्हणाली, "बाय, या वयात जायचं कुठं?"

सरांनाही घोर लागला. "मी सही करणार नाही. पण माझ्यामागे मुलाने केली तर?" दोन दिवस ते फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाचांना हाक मारली, "हनीफ, कागद बदलायला वर्षं जातील. सामान बदलायला एक सकाळ पुरे!"

"म्हणजे पुन्हा अदलाबदल? सर, लूमचा आवाज?"

"अरे, मला आता ऐकू कुठे येतं!"

आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा भांडी-गाद्या रस्त्यापलीकडे नेल्या. कागदावर चाचांचं नाव असलेल्या घरात चाचा गेले, सरांचं नाव असलेल्या घरात सर. उंबरठ्यावर चाचा ढसाढसा रडले.

*

महिन्याभराने तो माणूस पुन्हा सही मागायला आला. भर दुपार. त्याने कोपऱ्याच्या घराचं दार वाजवलं. दार उघडलं हनीफचाचांनी! लुंगीवर, डोळे चोळत.

"लेले सर आहेत?"

"समोर हायेत, माझ्या घरी. झोपलेत."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"झोपतोय. तिकडे लूमचा आवाज येत न्हाय, डोळा लागणार कसा?"

"पण सरांना तर ऐकूच येत नाही म्हणे!"

"कान गेले वो, पण लूमने पलंग हलतो ना!"

त्याने दारावरच्या तिन्ही पाट्या वाचल्या, हातातला कागद वाचला, समोरच्या घराकडे पाहिलं. "चाचा, एकदाच सांगा. हे घर नक्की कुणाचं?"

चाचांनी लांबलचक जांभई दिली.

"सरांचं. चार वाजता या, माझी झोप झाली की सर घरी येतात!"