मोटारबाईंच्या तीन गाड्या

गाडीत बसल्या की डॉक्टरबाई आधी चपला काढत, पदर कमरेला खोचत आणि मगच किल्ली फिरवत. "अनवाणी पायाला इंजिनाचं बोलणं कळतं," असं त्या सांगत. गिरगावात त्यांचं लहानसं प्रसूतिगृह होतं आणि मी तिथे नर्स होते. पाटीवर त्यांचं नाव-आडनाव होतं, पण अख्खी खोताची वाडी त्यांना 'मोटारबाई'च म्हणायची.

पहिली गाडी त्यांनी मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. दिसायला चार दारांची, संसारी. पोटात मात्र शर्यतीच्या गाडीचं इंजिन. सरळ रस्त्यावर ती अशी सुटायची की मी दाराची कडी घट्ट धरून बसे. वळणावर अंग टाकायची, ब्रेक तर नावालाच. पुढे त्याच नावाचं नवं मॉडेल आलं, तेव्हा बाईंनी पहिली विकून ते घेतलं. अंगाने गोलसर, बसकं आणि ताकदीला भारी. "आईपेक्षा हिला वळण चांगलं लागलंय," बाई कौतुकाने म्हणत, "थांबायला मात्र अजून शिकायचीय."

ह्याच दुसऱ्या गाडीतून आम्ही शेवंताला नेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. ट्राम बंद, रस्त्यांवर दगडांचा खच. शेवंता लालबागच्या गिरणी कामगाराची बायको, पहिलटकरीण, माहेरी गिरगावात आलेली. सकाळपासून अडली होती. मूल आडवं होतं आणि शस्त्रक्रियेची सोय आमच्याकडे नव्हती. जवळच्या इस्पितळाकडचे रस्ते बंद, म्हणून बाईंनी परळचं इस्पितळ गाठायचं ठरवलं. शेवंताचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले.

भायखळ्यापर्यंतच्या ओस रस्त्यावर बाईंनी गाडी मोकळी सोडली. चिंचपोकळीला रस्त्यात पिंपं आडवी लावलेली दिसली. बाईंनी लांबूनच वेग उतरवत आणला, तरी गाडी पिंपाला टेकूनच थांबली. चारी बाजूंनी माणसं धावली. चकचकीत विलायती गाडी बघून एक तरुण हातात दगड घेऊन ओरडला, "शेटची गाडी आसा, पेटवा रे!"

बाई तशाच अनवाणी खाली उतरल्या. "पेटव बाबा. पण आधी आत बघ. लालबागची सून आहे, बाळ अडलंय पोटात. तू खांद्यावरून नेतोस हिला, की मी गाडीतून नेऊ?"

त्याने काचेतून आत पाहिलं. शेवंता कण्हत होती. त्याने दगड टाकला. "अरे, पिंपां बाजूक करा! अडलेली बाई आसा आत!" असं ओरडत तो बाईंच्या शेजारी येऊन बसला आणि खिडकीबाहेर अर्धा वाकून परळपर्यंत 'वाट सोडा'चा घोष करत राहिला.

शस्त्रक्रिया सुरू झाली. आम्ही तिघं बाहेर उभे. बऱ्याच वेळाने दाराआडून बाळाचं रडणं आलं. पाठोपाठ डॉक्टर आले, आई सुखरूप असल्याचं सांगून गेले. तो तरुण डोळे पुसत होता. जमावापुढे ताठ उभ्या राहिलेल्या आमच्या बाई पायरीवर मटकन बसल्या. "चहा मागव गं," म्हणाल्या, "माझ्या चपला गाडीतच राहिल्यात."

महाराष्ट्र झाला आणि काही काळाने तिसरी गाडी आली. आधीच्या दोघींहून जोरकस, पण चाकांना नव्या तऱ्हेचे, चकत्यांचे, म्हणजे डिस्क ब्रेक. "थांबण्याला अक्कल लागते, हे कंपनीला तिसऱ्या खेपेला उमगलं!" बाई हसल्या. रविवारी कॉटन ग्रीनच्या गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी मला त्याच गाडीवर चालवायला शिकवलं.

पुढे वय झालं, नजर मंदावली. दुकानांच्या पाट्या त्या मला वाचायला लावत. गाडीत मी पुन्हा दाराची कडी घट्ट धरून बसू लागले, पण त्यांना सांगणार कोण? एका दुपारी हिंदमाताला पोलिसाने हात दाखवला, तरी गाडी पुढे चाललेली. मी किंचाळले. ब्रेक लागले. पोलीस वीतभर अंतरावर होता.

बाईंनी हँडब्रेक ओढला. मग चपला शोधून पायात घातल्या, उतरून माझ्या बाजूला आल्या आणि दार उघडलं.

"मला त्याचा हात दिसला नाही. सरक तिकडे."

छातीवरचं केवढं तरी ओझं उतरलं आणि त्याच क्षणी माझे डोळे वाहू लागले. मागून हॉर्न वाजत होते.

"रडतेस काय? गिअर टाक," मोटारबाई म्हणाल्या, "लोक खोळंबलेत."